मराठा पलटणीच्या मोहिमा आणि आपल्या घरांतील पदके

गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या समाजाच्या क्षात्रपरंपरेविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. तो वाचून संपादक मंडळातील एका स्नेह्यांनी आम्हास विचारले की, शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील आपले लोक ज्या पलटणीत लढले त्या पलटणीचा इतिहास तुम्ही लिहाल काय? आम्ही होकार दिला खरा. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, परंपरा या शब्दाखाली पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात. कोण, कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, कोणत्या मुलखात लढला आणि त्याची खूण काय, असे विचारले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची जीभ अडखळते. आमचीही अडखळली. आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन या दोन तालुक्यांतील शाळांतून मुलांना शिकविण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा विद्वानांनी या लेखातील उणिवांकडे उदार दृष्टीने पाहावे.

प्रथम एक कबुली देणे प्राप्त आहे. आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. आजी सांगत असे की, बैल घेण्यासाठी म्हणून ते म्हसाच्या जत्रेस गेले आणि तेथून भरती करणाऱ्यांबरोबर परस्पर कल्याणास गेले. बैलही आला नाही आणि माणूसही चार वर्षे आला नाही. आमच्या जन्मापूर्वीच त्यांचे देहावसान झाले. त्यांची दोन पदके मात्र आजीच्या पेटीत होती. एक पितळी दिसणारे, ते आम्ही मुलांनी ठिकरी म्हणून खेळता खेळता घालविले. दुसरे चांदीचे. १९८१ साली, आम्ही नुकतेच नोकरीस लागलो असताना, धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. पैसा नव्हता. ते पदक आम्ही स्वतः सोनाराकडे नेले व त्याचे पैंजण करून आणले. अडीच तोळ्यांच्या आसपास वजन भरले आणि चांदी उत्तम आहे असे सोनार म्हणाला. आजी काही बोलली नाही. तिने फक्त पदकाची फीत मागून घेतली.

त्या चांदीच्या पदकाच्या कडेवर इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. इंग्रज सरकारची रीत अशी होती की, पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही चारही कोरावयाची. आम्हास आठवते ते इतकेच की, पलटणीचा आकडा तीन अंकी होता व तो एकने सुरू होत होता. आता गंमत पाहा. त्या काळी मराठा नावाच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. साऱ्यांचा आकडा एकनेच सुरू होतो! यांपैकी पहिल्या तीन 'मराठा लाइट इन्फन्ट्री' म्हणविल्या जात व उरलेल्या तीन नुसत्या 'मराठा'. आकड्यापुढे 'लाइट इन्फन्ट्री' होते की नव्हते हे जरी आम्हास आठवले असते, तरी अर्धे कोडे सुटले असते. ते आठवत नाही. म्हणून या सहाही पलटणींचा मागोवा घेणे आम्हास भाग पडले, व प्रस्तुत लेखाचे खरे मूळ हेच आहे.

या पलटणींपैकी सर्वांत जुनी १०३ वी. ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ साली मुंबई बेटाच्या रक्षणासाठी 'मुंबई शिपाई' म्हणून जी तुकडी उभारली तीच ही. 'जंगी पलटण' हे तिचे टोपणनाव आजही चालते. १०५ वी 'काळी पाचवी' म्हणून प्रसिद्ध आहे. बाकीच्या पलटणी अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी उभ्या राहिल्या. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अशा लेखांतून ती बहुधा गाळली जाते. कंपनीची ही मुंबई फौज आरंभी कोणाविरुद्ध लढली? आपल्याविरुद्धच लढली. १७८० च्या डिसेंबरात वसईचा किल्ला जनरल गॉडार्डच्या हाती पडला आणि त्याच सुमारास, आपल्या शेजारच्या भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीजवळ दुगाड येथे कर्नल हार्टले याच्या मुंबई शिपायांवर पेशव्यांचे सरदार रामचंद्र गणेश कानडे चालून गेले. सकाळचे दाट धुके होते. त्या धुक्याच्या आडोशाने मराठ्यांनी उजवी बगल गाठली. पण धुके अकस्मात विरले, तोफा सुरू झाल्या आणि १२ डिसेंबर रोजी रामचंद्र गणेश तेथेच पडले. शहापूरकडून वज्रेश्वरीस गरम पाण्याच्या कुंडांत स्नानास जाणाऱ्या आपल्या कितीजणांना हे ठाऊक आहे? त्या दिवशी दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसे होती. पलटणीचा इतिहास सांगावयाचा तर तो या जागेपासून सांगावा, असे आमचे मत आहे.

पुढे कंपनीच्या पगारावर या पलटणी दूरदूरच्या मुलखांत गेल्या. १७९९ साली म्हैसूरच्या टिपूविरुद्ध सिद्धेश्वर व श्रीरंगपट्टण, १८२१ साली अरबस्तानात ओमानमधील बनी बू अली, पुढे मुलतान व गुजरात (हे गुजरात पंजाबातील), अबिसिनिया आणि कंदाहार, अशी नावे त्यांच्या मानचिन्हांच्या यादीत येतात. त्यांतील एक प्रसंग मात्र थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १८४० साली बलुचिस्तानातील कहान नावाच्या ओसाड गढीत काळ्या पाचवीचे सुमारे दीडशे शिपाई कॅप्टन लुइस ब्राउन याच्या हाताखाली अडकून पडले. मरी टोळ्यांनी वेढा दिला. मदतीस येणारी मेजर क्लिबोर्न याची फौज ३१ ऑगस्ट रोजी नफुस्कच्या खिंडीत मोडली आणि परत फिरली. तरीही गढीतील शिपाई हटले नाहीत. अखेर मरी सरदार दोदा खान याने स्वतःच तह केला आणि सप्टेंबरच्या अखेरीस ही तुकडी आपली तोफ घेऊन बाहेर पडली. 'लाइट इन्फन्ट्री' ही पदवी पलटणीस या पराक्रमाबद्दल मिळाली. लाइट इन्फन्ट्री म्हणजे हलके पायदळ. झपाट्याने चालणारे, बिगुलाच्या इशाऱ्यावर पांगून लढणारे. पलटणीच्या बिल्ल्यावरील बिगूल तो हाच.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. सहाही मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. त्यांपैकी १०३, ११० व ११७ या तीन जनरल टाउनशेंड याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथे १९१५ च्या नोव्हेंबरात भारी नुकसान सोसून ही फौज मागे फिरली व टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत या गावी कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यात आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस कित्येक आठवडे शिवले नाही. धर्माची आडकाठी नाही, अशा अर्थाच्या तारा हिंदुस्थानातील धर्मपुरुषांकडून मागवाव्या लागल्या. अशक्तपणाने माणसे पहाऱ्यावरच कोसळू लागली तेव्हा कोठे त्यांनी ते खाल्ले. सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यानंतरची वाळवंटातील पायपीट व रास अल ऐन येथील रेल्वेची वेठ यांत किती मेली याचा विचारही नकोसा होतो.

११४ व्या पलटणीची कथा निराळी. युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, १९१८ च्या ऑक्टोबर अखेरीस, शरकत येथील लढाईत ती अशी काही लढली की एका लढाईबद्दल तिला अठ्ठावीस शौर्यपदके मिळाली. तुर्कांशी युद्धतहकुबीचा करार ३० ऑक्टोबरला झाला. म्हणजे शरकतला ज्यांचे प्राण गेले ते अवघ्या एकदोन दिवसांनी हुकले. १०५ वी मेसोपोटेमियातून पुढे पॅलेस्टाइनमध्ये गेली. ११७ व्या पलटणीला युद्धातील कामगिरीबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला.

मग आमचे आजोबा यांपैकी कोठे होते? ते युद्धावरून परतले तेव्हा पणजोबांनी त्यांना घरात घेण्यापूर्वी त्र्यंबकेश्वरास नेऊन प्रायश्चित्त घ्यावयास लावले, असे आजी सांगे. कशाचे प्रायश्चित्त, हे तिला कोणी सांगितले नव्हते. यावरून ते कुतच्या वेढ्यात होते व त्यांना घोड्याचे मांस खावे लागले, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. आम्हासही कित्येक वर्षे तसेच वाटत होते, आणि शाळेत एकदा पंधरा ऑगस्टच्या भाषणात आम्ही तसे ठोकूनही दिले होते. परंतु पदके निराळेच सांगतात. ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी जे रणक्षेत्रावर पोचले त्यांना '१९१४-१५ स्टार' नावाचे ताऱ्याच्या आकाराचे काशाचे पदक मिळे. कुतमधील मराठ्यांना ते मिळावयास हवे. मागाहून गेलेल्यांना फक्त दोनच: चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल, ज्यावर ढाल तुडविणारा घोडेस्वार आहे, आणि काशाचे व्हिक्टरी मेडल, ज्यावर पंख असलेली विजयदेवता व फितीवर इंद्रधनुष्याचे रंग आहेत. आजीच्या पेटीत दोनच होती. आजीने जपलेली फीत नारिंगी, कडेला पांढरी, काळी व निळी रेघ असलेली, म्हणजे वॉर मेडलचीच. तिसरे पदक आमच्यापूर्वीच हरवले असेल तर गोष्ट वेगळी. परंतु हाती असलेल्या पुराव्यावरून आम्हास आता असे म्हणणे प्राप्त आहे की, आजोबा १९१६ नंतर गेले असावेत आणि कुतमध्ये नसावेत. समुद्र ओलांडला, परमुलखात कोणाच्या हातचे काय खाल्ले याचा नेम नाही, एवढ्यासाठीही त्या काळी प्रायश्चित्त घेत. ते भाषण ऐकणारे विद्यार्थी आज पन्नाशीला आले आहेत. त्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने आमची चूक दुरुस्त करून घ्यावी.

एवढ्याशा कडेवरील अक्षरांसाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर आहे. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसरा येथे जे मोठे स्मारक उभारले गेले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायाचे मात्र नाव नाही. त्याच्या पलटणीखाली नुसता मेलेल्यांचा आकडा. ज्या सरकारने दगडावर नाव दिले नाही त्याच सरकारने पदकाच्या कडेवर ते दिले. गरिबाच्या नावाला मिळालेली ती एकमेव सरकारी जागा, आणि ती आम्ही पैंजणात वितळविली.

आणखी एक गोष्ट जातीच्या स्मरणिकेत लिहिण्यास थोडी अवघड आहे, तथापि लिहितो. 'मराठा' हे पलटणीचे नाव १९०३ नंतरचे. त्यापूर्वीच्या मुंबई फौजेत सर्व जातींचे लोक होते, आणि महारांचा भरणा मोठा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार होते. लढाऊ जाती व बिनलढाऊ जाती असा भेद इंग्रजांच्या डोक्यात शिरला तेव्हा १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली आणि त्यांच्या जागा 'मराठा' या सदराखाली आपल्यासारख्या कुणब्यांच्या पोरांनी भरल्या. १९१७ मध्ये माणसे कमी पडली तेव्हा महारांची १११ वी पलटण उभी केली व गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. स्वतंत्र महार रेजिमेंट झाली ती १९४१ साली, बेळगावात. आपण लढवय्ये आहोत असे म्हणताना, दुसऱ्यास लढवय्या नाही म्हणून दारातून परत पाठविले गेले तेव्हा आपल्यासाठी ते दार उघडले, हे विसरू नये.

१९२२ साली या सर्व पलटणी एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट झाली व बेळगाव हे तिचे केंद्र ठरले. ते आजही तेथेच आहे. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी व ११७ वी पाचवी. ११४ वीकडे शिक्षणाचे काम आले. दुसऱ्या महायुद्धात तिच्या तुकड्या चहूकडे विखुरल्या. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर ती लढली. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये टोब्रुक येथे जर्मनांच्या हाती सापडली. चौथी १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपान्यांपुढे उभी राहिली. आणि पहिली व तिसरी इटलीत गेली.

या इटलीच्या मोहिमेत आमचे थोरले चुलते होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. बापाने युद्धातून काय आणले ते डोळ्यांनी पाहूनही ते भरती झाले. कारण विचारले तर 'भात पिकलं नव्हतं' एवढेच सांगत. पराक्रमाच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. सेनिओ नदीच्या दोन्ही तीरांना घरापेक्षा उंच मातीचे बांध होते व त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी यंत्रतोफा दडविल्या होत्या, इतके मात्र ते भाताच्या खाचरात उभे राहून हात वर करून दाखवीत. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच बांधावर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी आपल्या दोघा जखमी सोबत्यांना सुरुंगांतून व पाण्यातून एकामागून एक उचलून मागे आणले, मग परत जाऊन एकट्याने तीन यंत्रतोफांची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव निमजचे, म्हणजे आपला माळशेज घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मुलखापलीकडील नगर जिल्ह्याचे. त्यापूर्वी १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी टायबर नदीच्या खोऱ्यात, सोबतचे सारे पडल्यावर, एकट्याने यंत्रतोफेवर धाव घेतली, ठाणे जिंकले आणि लपलेल्या बंदूकवाल्यांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. वय अवघे बावीस. ते माणगाव तालुक्यातले. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतील मोंटोने या गावी त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारले गेले, हे वाचून आम्हास फार समाधान वाटले. त्यात दादांचाही थोडा वाटा आहे असे उगीचच वाटते.

मात्र त्याच काळात आपल्या तालुक्यात काय चालले होते? २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. ज्या सरकारच्या वतीने दादा लढत होते त्याच सरकारच्या गोळ्या त्या. त्यांना पदक कोठले? दादा १९४६ साली सुटून आले तेव्हा सिद्धगडाची गोष्ट त्यांना घरी कळली. ते दुसऱ्या दिवशी एकटेच सिद्धगडाकडे गेले व संध्याकाळी परतले, असे आमचे वडील सांगत. त्यानंतर दादांनी आपली पदके छातीवर लावलेली कोणी पाहिली नाहीत. ती त्यांनी टाकूनही दिली नाहीत. आम्हास यांपैकी कोणत्याही कृतीत विसंगती दिसत नाही.

पुढे पलटणीच्या नावातील पाचचा आकडा गेला व ती 'मराठा लाइट इन्फन्ट्री' झाली. १९४८ मध्ये काश्मिरात झांगड परत घेण्याच्या लढाईत मराठे होते. १९५७ साली नागा टेकड्यांत कॅप्टन एरिक टकर यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १९७१ च्या डिसेंबरात त्याच जुन्या जंगी पलटणीने बांगलादेशात जमालपूर जिंकले. या काळातील पदके भारत सरकारची असल्यामुळे लोक ती आवडीने भिंतीवर लावतात. आमची चिंता आहे ती पेटीतल्या जुन्या पदकांची.

पंजाबात १९१४-१८ च्या शिपायांच्या लक्षावधी नोंदी जुन्या वह्यांतून काढून २०२१ मध्ये सर्वांस पाहता येतील अशा केल्या गेल्या. आपल्याकडे आपण निदान आपापल्या घरची पेटी उघडू या. पदक सापडल्यास ते चिंच किंवा राख लावून घासू नये. आजी घाशी, आणि त्यानेच अक्षरे झिजतात. कडेवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी, म्हणजे अक्षरे कागदावर उमटतात. दुसऱ्या महायुद्धातील ताऱ्यांच्या मागच्या बाजूस पाहावे. हिंदी शिपायांच्या ताऱ्यांवरही नाव ठोकलेले असते. इटली स्टारची फीत तांबडी, पांढरी, हिरवी, पांढरी, तांबडी अशी; आफ्रिका स्टारची वाळूच्या रंगाची, मध्ये तांबडा पट्टा. फीत कुजली असली तरी टाकू नये.

आम्ही यंदा एक जाड वही घातली आहे. पहिल्या पानावर दादांच्या तीन पदकांचे ठसे उमटविले आहेत. दुसऱ्या पानावर आजोबांचे नाव लिहून क्रमांक व पलटण यांची जागा कोरी ठेवली आहे, आणि शेजारी आजीची फीत टाचली आहे. ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांनी ती सोबत घेऊन रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. पदक आम्ही ठेवून घेणार नाही. ठसा घेऊन तेथल्या तेथे परत देऊ.